डोकं, तोंड, पाय आणि खंडेनवमी

पुस्तक हातात आलं की लोक आधी लेखकाचं नाव बघतात. मी डोकं बघते. पुस्तकाची वरची कड म्हणजे डोकं, खालची कड म्हणजे पाय, जिथून पानं उघडतात ते तोंड आणि जिथे शिवलेलं असतं तो कणा. ही नावं मी ठेवलेली नाहीत, मी कामाला लागले तेव्हाही हीच होती. तेव्हा एखादी बाई ओरडायची, "ह्याचं तोंड वाकडं आलंय, डोकं उडवा जरा," आणि नव्याने आलेल्या मुली घाबरून दाराकडे बघायच्या. पुढे त्याही तसंच ओरडायला लागायच्या.

शनिवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये बाइंडिंग खात्यात माझी सगळी नोकरी झाली. फर्म्यांच्या घड्या घालायला लागले आणि खात्याची सुपरवायझर म्हणून बाहेर पडले. मधलं काही सांगण्यासारखं नाही. बढती मिळाली तेव्हा बसायला स्टूल मिळालं आणि बसायला वेळ मिळेनासा झाला, एवढंच.

फर्मा म्हणजे काय, हे एकदाच सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. पुस्तकाची पानं सुटी सुटी छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापतात. कागद सपाट पसरला तर पानं उलटीसुलटी दिसतात, शेजारी शेजारी भलतेच आकडे. तोच कागद तीनदा दुमडला की पानं मुकाट्याने ओळीत उभी राहतात. हा झाला एक फर्मा. असे सगळे फर्मे एकावर एक जुळवायचे, शिवायचे, वरून कव्हर चिकटवायचं आणि मग कटिंग मशिनवर डोकं, पाय आणि तोंड अशा तिन्ही बाजू साफ करायच्या. त्या कटिंगमध्ये दुमडलेल्या कडा उडतात आणि पानं मोकळी होतात. तोपर्यंत पुस्तक पुरं झालेलं असतं, पण उघडत नाही.

आता गिऱ्हाइकांबद्दल. पुण्यातलं गिऱ्हाईक प्रेसमध्ये येताना स्वतःची फूटपट्टी घेऊन येतं. सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ पत्नीच्या पाककृतींचं पुस्तक करायला आले होते. मी म्हटलं, शिलाई करायची की परफेक्ट बाइंडिंग? त्यांनी चष्मा काढला. "परफेक्ट म्हणजे? बाकीची काय असतात मग?" मी सांगितलं, परफेक्ट म्हणजे शिलाई नाही, नुसता कणा घासून त्याला गोंद लावायचा. पुढे कधी पानं सुटली तर ती त्याचीच सुटतात. "हे नाव कोणी ठेवलं?" म्हटलं, आमच्यातल्या कोणी नाही. त्यांनी शिलाई घेतली. पुस्तक न्यायला आले तेव्हा म्हणाले, "बांधणी चांगली आहे. पदार्थांबद्दल मी बोलत नाही." पत्नी शेजारीच उभ्या होत्या.

दुसरं म्हणजे डमी. छपाईआधी आम्ही त्याच कागदाचं, तेवढ्याच पानांचं, अगदी कोरं पुस्तक शिवून देतो. जाडी किती होईल, हातात कसं बसेल, कण्याची रुंदी किती घ्यायची, हे त्यावरून ठरतं. एका पुढाऱ्याच्या गौरवग्रंथाची डमी आम्ही त्यांच्या माणसाकडे दिली. तो दुसऱ्या दिवशी परत आला, डमी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेबांनी रात्रीत वाचून काढलं. मजकूर उत्तम आहे, एक शब्द बदलू नका." आम्ही त्यांचं ऐकलं असतं तर कागदाची आणि वाचकांची दोन्हींची बचत झाली असती. पण मालक भिडस्त पडले आणि पुढे त्यात मजकूर घातला गेला.

मालक म्हणजे नाना. वयाने माझ्याहून थोडे मोठे, अंगात कायम पांढरा हाफ शर्ट, कामगारांना कधी अरे-तुरे नाही. रागावले की ते आणखी आदराने बोलायचे. "शोभाताई, आपण हे जे केलं आहे त्याला काय म्हणतात?" असं त्यांनी विचारलं की समजायचं, आज काही खरं नाही.

डमीचा विषय काढला तो एवढ्यासाठी, की साळवेकाकांच्या पुस्तकात सगळं बिनसलं ते तिथेच.

साळवेकाका म्हणजे खडकीत आमच्या मागच्या गल्लीत राहणारे. दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. माझ्या वडिलांचे सोबती, दोघं एकाच पाळीला सायकलवरून जायचे. माझ्या वडिलांच्या पिढीने धम्म स्वीकारला आणि घरातले देव्हारे उतरवले, त्याच पिढीतले काका. सगळं आयुष्य त्यांनी कमी बोलून काढलं आणि निवृत्त झाल्यावर एकदम आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. "शोभा, तू त्यातली माणूस आहेस. चांगलं करून दे."

काकांचं लहानपण सिन्नरला गेलं. घरात बिड्या वळायचं काम. त्यांची मोठी बहीण, आक्का, अजून तिथेच राहते. आयुष्यभर तिने बिड्या वळल्या आणि तिच्या पैशांवर काका शाळा शिकले, हे काका कोणालाही पहिल्या भेटीत सांगायचे. ही आक्का म्हातारपणी अक्षरं शिकली. विहारात प्रौढांचा वर्ग निघाला होता, त्यात सगळ्यात पुढे बसायची म्हणे. दर विजयादशमीला ती सिन्नरहून खडकीच्या विहारात यायची. त्या वर्षी तिने भावाला निरोप धाडला होता की गुडघे आता ऐकत नाहीत, ही शेवटची खेप. तेव्हा काकांनी तिला शब्द दिला. पुस्तक विजयादशमीला तुझ्या हातात, आणि पहिलं वाचायचं ते तूच. तिनेही सांगून ठेवलं होतं, मी वाचल्याशिवाय दुसऱ्याने उघडायचं नाही. त्यामुळे बाकी काही मागेपुढे झालं तरी चालणार होतं, ती तारीख नाही.

फर्मे वेळेत छापून झाले. माझ्या बायकांनी घड्या घातल्या, घडी दाबायची पट्टी फिरवून फर्मे कसे पापडासारखे सपाट केले. जुळणी झाली, कार्यक्रमापुरत्या प्रतींची शिलाई झाली, बाकीचे फर्मे सुटेच गठ्ठ्याने लावून ठेवले. कव्हर छापून आलं होतंच. पहिल्या प्रतीला चढवून बघितलं तर कण्यावरचं पुस्तकाचं नाव घसरून समोरच्या बाजूला आलेलं. म्हणजे पुस्तक कपाटात उभं केलं तर नाव दिसणार नाही, आणि समोरून बघितलं तर शर्टाचं बटण चुकल्यासारखं दिसणार.

झालं होतं असं. डमी ज्या कागदाची केली, तो कागद ऐन वेळी व्यापाऱ्याकडे संपला. त्याने त्याच वजनाचा दुसरा दिला. वजन तेच, पण अंगाने बारीक. पुस्तक पातळ झालं आणि कव्हर जुन्या डमीच्या मापाने छापलेलं. नवी डमी करायला हवी होती. का नाही केली, असं नानांनी विचारलं तेव्हा पानं आणि कव्हर मांडणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं, "राहून गेलं." प्रेसमध्ये चूक कोणी करत नाही, ती राहून जाते.

कव्हर पुन्हा छापायला टाकलं. मग लॅमिनेशन. लॅमिनेशनवाल्याने शब्द दिला की खंडेनवमीच्या सकाळी लवकर कव्हरं पोचवतो, सुटी कापूनच देतो. आमचा हिशेब सरळ होता. सकाळी कव्हरं आली की बायकांनी भराभर चिकटवायची, पूजेच्या आधी कटिंग उरकायचं, दुसऱ्या दिवशी पुस्तकं विहारात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. सैनिक बंदुकीची करतो, न्हावी वस्तऱ्याची करतो, आणि प्रेसमध्ये मशिनची. आमच्याकडे मान कटिंग मशिनचा. एकदा हळदकुंकू वाहिलं, हार घातला, की दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाहीपर्यंत त्याचं पातं खाली आणायचं नाही. पातंच काय, कात्री, कटर, सुऱ्या, धार असलेलं सगळं त्या दिवशी पाटावर मांडलेलं असायचं. आदल्या दिवशी मशिन पुसून लख्ख करायचं काम आमच्या खात्याकडे होतं आणि ते मी मन लावून करून घ्यायची. आरतीला मी उभी राहत नसे. पेढ्याला राहत असे. नानांनी इतक्या वर्षांत त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि मीही नाही.

तर त्या सकाळी कव्हरांचा टेंपो मंडईशी झेंडूच्या गर्दीत अडकला. ड्रायव्हर फोनवर म्हणायचा, "ताई, समोर फुलं, मागे फुलं, मी मधे." मी तीनदा दारात जाऊन आले. नाना पूजेसाठी थांबले, थांबले, शेवटी गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. आरती झाली, मशिनला हार चढला, आणि पेढा माझ्या हातात असताना टेंपो दारात येऊन उभा राहिला. खोटं कशाला बोलू, रडूच आलं.

तरी म्हटलं, चिकटवायला काय हरकत आहे? खळीचं भांडं काही पूजेत नव्हतं, ते कोणालाच पवित्र वाटत नाही. बायकांना बसवलं. दुपारपर्यंत कव्हरं चढली. नाव कण्यावर बरोब्बर मधोमध. पुस्तकं ओळीने वजनाखाली दाबून ठेवली, देखणी दिसत होती. फक्त उघडत नव्हती.

मी नानांकडे गेले. "नाना, एवढ्या प्रती कापून द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

"शोभाताई, हार दिसतो आहे ना आपल्याला?"

"दिसतो. काढून ठेवते, परत घालते."

"मग पूजा कशाला केली?"

"ते मला विचारू नका, नाना. मी आरतीला नव्हते."

नाना हसले नाहीत. त्यांनी ड्रॉवर उगाच उघडला आणि बंद केला. म्हणाले, उद्या संध्याकाळी सोनं वाहिलं की पहिलं काम हेच.

बाहेर कुठे कापून मिळतं का म्हणून मी फोन लावत बसले. पेठेत सगळीकडे हार. रविवार पेठेत युसूफभाईंचं कटिंग आहे, म्हटलं तिथे तरी चालू असेल. युसूफभाई म्हणाले, "ताई, आमच्या मशिनलाही झेंडू घातलाय. ऑपरेटर ऐकत नाहीत. आता मी घातलेला हार मीच कसा काढू?" मी म्हटलं, धन्य आहे.

घरी नेऊन विळीवर एक प्रत कापावी, असंही मनात आलं. पण पुस्तक हाताने कापलं की ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. उभं आयुष्य ज्या कामात घालवलं, त्या कामाचं असलं ध्यान मी त्या म्हातारीच्या हातात देणार नव्हते.

साळवेकाका दुपारी आले. पुस्तकाचं कव्हर बघून त्यांचा चेहरा उजळला. मग उघडायला गेले. मी सांगितलं काय झालं ते. काका मशिनकडे वळले. एवढं मोठं लोखंडी धूड, त्याच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडू, समोर नारळ.

काका तसे शांत माणूस, पण तेव्हा त्यांचा आवाज चढला. "हे सगळं आम्ही सोडलं. का सोडलं, तेच या पुस्तकात लिहिलंय. आणि पुस्तक अडून बसलंय कशापायी, तर ह्याच्यापायी! वा रे वा."

नाना आतून बाहेर आले. मला वाटलं आता वाजणार. नानांनी काकांना खुर्ची दिली, काका बसले नाहीत. मग दोघंही उभेच.

"साहेब, मी देवाला फार घाबरणारा माणूस नाही," नाना म्हणाले. "वडिलांच्या वेळी ह्याच दिवशी अर्जंट काम म्हणून हार बाजूला सारून मशिन चालवलं होतं. ऑपरेटरच्या मनात तेच. लक्ष पात्यावर नव्हतं, हारावर होतं. त्याची बोटं गेली. त्या दिवसापासून हा नियम आहे. आमच्या महादूला मी आज मशिन चालवायला सांगितलं तर तो चालवेल. पण त्याचा हात थरथरेल. मी महादूच्या बोटांना घाबरतो."

महादू, आमचा कटिंगवाला, कोपऱ्यात पेढ्याचा कागद चुरगळत उभा होता. त्याने मान खाली घातली.

काकांनी महादूच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या हाताची?"

"उजव्या."

"आमच्या कारखान्यात डाव्याची जास्त जायची," काका म्हणाले. "शिफ्टला येताना कोणाचं घरी भांडण झालेलं असलं, तरी आम्ही त्याला मशिनच्या पट्ट्यावर उभं करत नसू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शोभा, बांध गठ्ठा. अशीच नेऊ."

"आणि आक्कांना काय सांगायचं?"

"ते तू सांग. माझी हिंमत नाही."

विजयादशमीला सकाळी मी पांढरी साडी नेसून विहारात गेले. वंदना झाली, पाहुण्यांचं स्वागत झालं, आणि काकांनी पुस्तक आक्काच्या हातात ठेवलं. बारीक, काटक बाई. पदर डोक्यावरून. तिने कव्हरवर हात फिरवला, भावाचं नाव बोटाने वाचलं आणि पुस्तक उघडलं. पहिलं पान उघडलं. दुसरं उघडेना. तिने पुस्तक उलटं करून बघितलं, डोळ्याशी धरून घडीत डोकावून बघितलं.

"बाबू," ती भावाला म्हणाली, "ह्ये तर बंदच हाय की रं."

मी माईकपाशी गेले. आयुष्यात कधी माईकवर बोलले नव्हते. फर्मा, घडी, कटिंग, खंडेनवमी, महादूची बोटं, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "आक्का, चूक आमची आहे. दोन दिवसांत कापून सिन्नरला पोचतं करते."

"दोन दिस कशाला?" आक्का म्हणाली. "चाकू आना."

विहारामागे खिरीचं चाललं होतं, तिथून सुरी आली. आक्काने पुस्तक मांडीवर घेतलं, घडीत सुरी सरकवली आणि अशी ओढली की कागदाचा आवाजसुद्धा झाला नाही. सरळ, स्वच्छ. तेंदूची पानं कापण्यात गेलेला हात तो. आमच्या खात्यात असती तर मी तिला माझं स्टूल दिलं असतं.

एक पान मोकळं केलं की ती ते वाचायची. मोठ्याने, अक्षराखाली बोट ठेवून. मग पुढची घडी. पाहुण्यांचं भाषण राहिलं. कार्यक्रमपत्रिका कोणीतरी घडी करून खिशात घातली. पोरं मांडी बदलत होती, पण उठलं कोणी नाही. सिन्नरचं घर आलं, बिड्यांचं सूप आलं, बापाचा खोकला आला. काका तिच्या शेजारी बसले होते, डोळे भरलेले. पहिलं प्रकरण संपत आलं. शेवटच्या परिच्छेदात काकांनी आक्काबद्दल लिहिलं होतं. त्याचं प्रूफ मी वाचलं होतं आणि वाचताना मलाही भरून आलं होतं.

"'माझ्या शिक्षणासाठी,'" आक्का वाचू लागली, "'आक्काने आपली शाळा सोडली. तिच्या या त्यागाला...'"

ती थांबली. बोट मागे नेलं. परत वाचलं.

"ह्ये कोनी लिवलं?"

"मीच, आक्का," काका म्हणाले.

"शाळा सोडली? मला शाळंत घातली कवा व्हती?"

काका पुस्तकावर वाकले. "अगं, आदराने लिहिलंय ते."

"आदर ऱ्हाऊ दे. तुला घातलं. मला सुपापाशी बसवलं. मला कोनी इचारलंबी न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "सोडली म्हनलं की वाटतं, माझीच मर्जी व्हती. मला लई वाटायचं रं शाळंत जावं."

काकांनी मान वर केली नाही. माझ्या मागे बसलेली एक बाई रडायला लागली, आणि मग मला कळलं की मीही रडते आहे. मला शाळेत घातलं होतं. माझ्या आईला घातलं नव्हतं, आणि आजवर मीही सगळ्यांना सांगत आले होते की आईला शाळेची आवड नव्हती.

आक्काने सुरी पुढच्या घडीत घातली आणि दुसरं प्रकरण वाचायला घेतलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काका प्रेसमध्ये आले. रात्रभर झोपले नसावेत. नानांना म्हणाले, सुट्या ठेवलेल्या फर्म्यांपैकी पहिला फर्मा रद्द करायचा, तो पुन्हा छापायचा. कारण विचारायच्या आधी त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, महादूसमोर, माझ्या बायकांसमोर. नानांनी कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, शेवटचा परिच्छेद काढला तर पान खाली रिकामं राहील, तेवढ्याच ओळींचा दुसरा मजकूर द्या. काका खुर्चीत बसले. त्यांनी पेन काढलं, एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. सुंदर वाक्यं होती ती, मी मागून वाचत होते. पार दुपार झाली. शेवटी त्यांनी कागद नानांकडे सरकवला. त्यावर एवढंच होतं: 'आक्काला शाळेत घातलं नाही. मला घातलं.'

फर्मा बदलून छापला, जुळवला, शिवला. या वेळी महादूने कापला. विहारात वाटलेल्या प्रती काकांनी घरोघर जाऊन परत आणल्या. आक्काने तिची दिली नाही. म्हणाली, मी कापलीय ती.

छपाईला जायच्या आधी नानांनी त्या पानाचं प्रूफ काकांसमोर धरलं होतं. दोन वाक्यांखाली पान कोरं दिसत होतं. अशी जागा उरली की आम्ही तिथे एखादं छापील फूल किंवा वेलबुट्टी टाकतो, तशी रीतच आहे.

"साळवेसाहेब," नानांनी विचारलं, "इथे खाली एखादं फूल टाकू का?"

काकांनी पानाकडे बघितलं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तसंच."